खांब क्रमांक दोन

नकाशात खांब क्रमांक दोन होता
पश्चिम काठावर, पाण्यापासून चार मीटर.
रेष माझी, सही माझी.
जागेवर गेलो तर तिथे मगरीनं अंडी घातलेली.

वनखात्याचा वसावा म्हणाला,
पिल्लं बाहेर पडेपर्यंत इथे पहार नाही, जनरेटर नाही,
खोकला आला तर रस्त्यावर जाऊन खोका.
मालक म्हणाले, पावसाआधी पूल हवा.
विश्वामित्री मधोमध पडून होती,
हिरवी, कुणाच्याच बाजूनं न बोलणारी.

छत्तीस वर्षं मी रेषा काढतोय.
आधी ट्रेसिंग पेपर. चुकलं की ब्लेडनं खरवडायचं,
आणि कितीही हलक्या हातानं खरवडा,
कागद उजेडात धरला की जागा दिसतेच.
आता झंखना परमार, वय चोवीस,
पूल पडद्यावर असा फिरवते
जसा पेरू फिरवून बघावा, किडका आहे का.
तिनं खांब क्रमांक दोन निवडला
आणि पुसून टाकला.
‘गुप्तेकाका, हा नसेलच तर?’
मी म्हणालो, तर पूल नसेल.

शेवउसळीच्या गाडीवर भांडलो आम्ही.
हनीफ वोरा वेल्डिंगवाला, क्रेनचा गुरमेल,
वसावा उभ्यानंच, झंखना लॅपटॉप मांडीवर घेऊन.
सविली निनामा दाहोदहून आलेली, सळया वाहणारी,
पाव बुडवता बुडवता म्हणाली,
आमच्या ओढ्यावर मध्ये काही टेकवत नाहीत.
दोन्हीकडून बांबू पुढे सारतात,
मागच्या टोकांवर धोंडे.
तिनं दोन चमचे टेबलाच्या कडेवर ठेवले,
शेपटांवर दोन वाट्या.
चमचे हवेत राहिले.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं.
पण धोंडा किती किलोचा, हे बांबूला विचारता येत नाही.
झंखना एकोणीस दिवस आकडे घेऊन बसली.
पहिल्या हिशेबात पूल नदीत गेला,
दुसऱ्यात काठ उचलला गेला.
तिसऱ्या वेळी तिनं मला शेजारी बसवलं,
आणि मी, कुरकुरत,
मागचा तुळया एक मीटर लांब केला.
गुरमेलनं सांगितलं, क्रेन रस्त्यावरूनच पोचेल,
तुकडे तेवढे अडीच टनांच्या आत ठेवा.
तुकडे त्याच्या हाताच्या मापानं कापले.

मे महिना. दोन अर्धे पूल
एकमेकांकडे बोट केल्यासारखे.
दुपारी लोखंड फुगायचं, नऊ मिलिमीटर,
शेवटचा तुकडा बसेना.
हनीफ म्हणाला, पहाटे या,
पहाटे लोखंड खरं बोलतं.

चार वाजून चाळीस मिनिटं. सव्वीस अंश.
पान्यांना चिंध्या गुंडाळलेल्या, आवाज नको म्हणून.
वसावा खाली लाल बॅटरी धरून बसलेला.
गुरमेल, पतियाळाचा माणूस,
कानात सांगावं तसं म्हणाला, ‘थई जशे.’
बडोद्यात हे वाक्य मी जन्मापासून ऐकतो,
बहुतेक वेळा ते काम न करणारे म्हणतात.
तुकडा उतरला.
अकरा बोल्ट सरळ गेले, बाराव्यानं शिव्या खाल्ल्या
आणि मग तोही.
सविली दोन्ही अर्ध्यांवर एकेक पाय ठेवून उभी राहिली,
जरा वेळ, तपासल्यासारखी.
खालून पाण्यात काहीतरी सरकलं.

फेरफार क्रमांक सात. खांब रद्द.
आरेखन: गुप्ते. गणित: परमार. मंजुरी: पुण्याहून.
चमच्यांसाठी रकाना नव्हता.
मी वाढवला होता एक, ‘सुचवले’ असा,
कचेरीनं काढला, साच्यात बसत नाही म्हणून.
पडद्यावर पुसलेलं उजेडात धरूनही दिसत नाही.

म्हणून एक प्रत जुन्या ट्रेसिंगवर काढली,
खांबासकट,
आणि खांब ब्लेडनं खरवडला.
सविलीला दिली. ती म्हणाली, याचं काय करू?
मी म्हणालो, खिडकीत धर.
ती म्हणाली, आधी या आठवड्याची हजेरी लिहा.